वाऱ्याची गिरणी आणि पहाटेचे जाते

कन्नड भाषेत 'बीसु' असे एक क्रियापद आहे. वारा सुटला म्हणजे 'गाळी बीसतैती' असे बेळगावच्या पेठेतला कन्नड दुकानदार म्हणतो, आणि त्याच्या घरची वृद्धा जात्यावर जोंधळा दळते त्या कर्मालाही हेच क्रियापद लागते. तिचे जाते 'बीसुव कल्लु', आणि त्यावर बसून म्हणायचे गाणे 'बीसुव पद'. मराठी आणि कन्नड या दोन भाषा जिथे एकाच अंगणात खेळून मोठ्या होतात, त्या आमच्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात वाढलेल्या माणसाला या शब्दाचे मोठे नवल वाटते. वाऱ्याचे वाहणे आणि जात्याचे फिरणे यांची गाठ शेजारच्या भाषेने कोणे एके काळी शब्दात मारून ठेवली. परंतु ज्या मुलखात हा शब्द बोलला जातो, त्या मुलखात वाऱ्यावर धान्य दळण्याची चाल कधी रूढ झाली नाही. तिकडे सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत मात्र सात शतके हेच चालले होते. असे का व्हावे, हा या लेखाचा विषय आहे.

वाऱ्याचा दुष्काळ म्हणावा, तर तो आम्हांला कधीच नव्हता. निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदीचा घाट चढून मोटार माथ्यावर आली, की आषाढात वाऱ्याचा असा तडाखा बसतो, की काचा वर केल्यावाचून शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसलेले. पश्चिमेस सह्याद्रीची धार, आणि आंबोली-चोर्ल्याच्या बाजूने कोकण ओलांडून वर चढणारा पावसाळी वारा पहिल्या उमेदीत या पठारावर येऊन थडकतो. धान्याचीही वाण नव्हती: चिकोडी, गोकाक, सौंदत्ती या उघड्या पूर्वभागात जोंधळा, आणि खानापूरकडच्या झाडीच्या मुलखात भात व नाचणी. दगड हवा तितका, आणि तो घडवणारे हातही हवे तितके. सुतार-लोहार तर गावोगाव होते. म्हणजे पवनचक्कीला जे जे साहित्य लागते ते सर्व जागच्या जागी हजर असून ती मात्र उभी राहिली नाही. या कोड्याचे उत्तर यंत्रशास्त्रात थोडे आणि समाजव्यवस्थेत बरेच सापडते.

वाऱ्याला कामाला लावणे आमच्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हते, असेही म्हणता येणार नाही. माघ-फाल्गुनात खळ्यावर मळणी आटोपली, की वावडीवर उभा राहून तो सूप डोक्याच्या वर धरी आणि वाऱ्याची वाट पाही. वारा आला की सुपातून रास हळूहळू सोडायची, भूस उडून पलीकडे पडते आणि टपोरे दाणे सरळ पायाशी उतरतात. वारा पडला तर उफणणी खोळंबे, आणि घरधनी आकाशाकडे पाहत बसे. वाऱ्याने धान्य निवडून दिले, येथपर्यंत त्याची चाकरी मान्य होती. परंतु खळ्यावरून पोते घरात आले, की वाऱ्याचा अंमल उंबऱ्याबाहेर संपला आणि पुढचे सारे काम घरातल्या बाईच्या दंडावर पडले.

पवनचक्कीची कल्पना मुळात इंग्रजांची नव्हे. इराणच्या पूर्वेस सीस्तान नावाचा रखरखीत प्रांत आहे. तिथे उन्हाळ्यात एकशेवीस दिवस अखंड वारा वाहतो, अशी त्या वाऱ्याची ख्याती आहे. त्या प्रांतातल्या उभ्या आसाच्या पवनचक्क्यांची नोंद दहाव्या शतकातल्या अरबी भूगोलकारांनी करून ठेवली आहे. फारसीच्या वाटेने आमच्या दप्तरांत जमाबंदी आली, मक्ता आला, जप्ती आली. पवनचक्की तेवढी आली नाही. युरोपात जी अवतरली ती आडव्या आसाची, म्हणजे चार पाती समोरून वाऱ्याला भिडतील अशा घडणीची होती. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली राज्याची जी प्रसिद्ध जमाबंदी करविली, तीत सुमारे सहा हजार गिरण्यांची मोजदाद झाली. त्यांत वाऱ्याची एकही नाही, त्या काळच्या गिरण्या ओढ्या-नद्यांच्या पाण्यावर चालत. पुढे शंभर वर्षांच्या आत, ११८५ साली, यॉर्कशायरमधल्या वीडली या गावी टेम्पलर नावाच्या धर्मयोद्ध्यांच्या मालकीची एक पवनचक्की वर्षाला आठ शिलिंग खंडाने दिलेली आढळते. इंग्लंडच्या पवनचक्कीचा निश्चित असा हा पहिला कागद. आणि तो कागद खंडाचा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्यानंतर सहाच वर्षांनी घडलेली एक हकीकत मोठी बोलकी आहे. बरी सेंट एडमंड्स येथील मठाचा अधिपती सॅमसन हा करारी पुरुष होता. हर्बर्ट नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने ११९१ साली आपल्या जमिनीत एक पवनचक्की उभारली. आपण केवळ घरचे धान्य दळणार, दुसऱ्या कोणाचे घेणार नाही, आणि वारा हा ईश्वराने सर्वांना फुकट दिलेला असल्यामुळे त्याचा उपभोग घेण्यास कोणाची आडकाठी असू नये, असे त्याचे म्हणणे होते. सॅमसनचा संताप इतका अनावर झाला, की ती चक्की मोडल्यावाचून अन्न गोड लागणार नाही, अशी त्याची वृत्ती झाली. कारण उघड होते: एकाने चक्की बांधली म्हणजे गावचे लोक हळूहळू तिकडे वळणार आणि मठाच्या गिरणीचे उत्पन्न बुडणार. मठाची माणसे पहारी घेऊन निघाली आहेत, हे कळताच हर्बर्टने शहाणपण करून स्वतःच चक्की उतरवली. ती माणसे येऊन पाहतात तो मोडायला काही उरलेलेच नव्हते. वारा कोणाच्याही मालकीचा नाही हे तत्त्व निर्विवाद खरे. परंतु दळण्याचा हक्क मालकीचा होता, आणि तंटा त्या हक्काचा होता.

या हक्काचे स्वरूप समजले म्हणजे इंग्लंडच्या गिरण्यांचे गूढ उकलते. तेथील जमीनदाराच्या कुळाने धान्य जमीनदाराच्याच गिरणीत दळून घेतले पाहिजे, असा निर्बंध होता. गिरणीवाला दळणाबद्दल धान्याचाच ठराविक हिस्सा कापून घेई. पुष्कळ ठिकाणी तो सोळावा असे, कुठे कमी तर कुठे अधिक. गिरणी चालली पाहिजे, तर घरात जाते असता कामा नये. सेंट अल्बन्स येथील मठाचा अधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा चौदाव्या शतकातला नामांकित ज्योतिर्विद होता, परंतु कुळांच्या बाबतीत त्याचा हात कठोर होता. त्याने गावकऱ्यांच्या घरांतली जाती जप्त केली आणि ते दगड मठाच्या एका दालनाच्या जमिनीत फरशीसारखे बसवून टाकले. येणाऱ्या-जाणाऱ्याने रयतेचा पराभव पायाखाली तुडवीत जावे, हा त्यातला भाव. पुढे पन्नास वर्षांनी, १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात, गावकरी मठात घुसले, त्यांनी ती जमीन उखडली, आणि जात्यांचे तुकडे करून देवळातल्या प्रसादासारखे आपापसांत वाटून घेतले. त्यांच्या पुढाऱ्याचे नाव विल्यम ग्राइंडकॉब. त्या नावातच इंग्रजीतला 'दळणे' हा शब्द आहे, हा योगायोगही विलक्षण म्हणावा लागेल.

आता आमच्याकडे पाहा. इंग्लंडमध्ये ज्या घरात जाते सापडे ते घर गुन्हेगार ठरे. आमच्या मुलखात ज्या घरात जाते नाही ते घरच नव्हे, अशी समजूत होती. देसायांनी, इनामदारांनी, वतनदारांनी रयतेकडून जे जे घेण्यासारखे होते ते घेतले, नाना पट्ट्या आणि हक्क बसवले. परंतु जात्यावर कोणी हात टाकला नाही, कारण जात्यातून निघणारे पीठ ज्या श्रमाने निघे त्याची किंमत कोणाच्याच हिशोबात धरलेली नव्हती. बलुतेदारांची यादी प्रांतोप्रांती थोडीफार बदलते. तीत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी असे गावगाड्याचे सारे घटक आहेत. अलुत्यांत घाण्याचा धनी तेलीही आहे. कन्नड मुलखातल्या आयगारांची मांडणी जवळपास अशीच. परंतु धान्य दळून देणारा असा बलुतेदार या दोन्ही याद्यांत नाही. तेल गाळणारी जात झाली, कारण तेल गाळणे हा धंदा झाला. पीठ दळणारी जात झाली नाही, कारण ते काम प्रत्येक जातीतल्या बाईचे होते. इंग्लंडमध्ये मिलर हे आडनाव गल्लोगल्ली सापडते. आमच्याकडे सुतार आहेत, लोहार आहेत, तेली आहेत, पण दळणाऱ्याचे आडनाव नाही. दळवी आहेत, पण त्यांचे दळ सैन्याचे. पिठाशी त्यांचा संबंध नाही.

इंग्लंडच्या गिरणीवाल्याला हे मानाचे स्थान मिळाले, तशी अपकीर्तीही मिळाली. हिस्सा कापून घेण्याचे माप त्याच्याच हाती असल्यामुळे तो एकदाऐवजी तीनदा हात मारतो, असा संशय चौदाव्या शतकातल्या चौसर कवीने आपल्या कॅंटरबरीच्या कथांत गिरणीवाल्यावर स्पष्टच बोलून दाखवला आहे. परंतु हा मनुष्य लबाड असो वा सालस, अनाडी असून त्याचे भागत नसे, हे त्याच्या यंत्राची रचना पाहिली म्हणजे पटते.

सर्वांत जुनी पवनचक्की म्हणजे एका अजस्र ओक खांबावर तोललेली लाकडी खोली. त्या खोलीत दगड, चक्रे, धान्य आणि खुद्द गिरणीवाला. आणि वारा फिरला की मागच्या लांब दांड्याला खांदा लावून हे सारे बिऱ्हाडच वाऱ्याच्या तोंडाला फिरवायचे. बकिंगहॅमशायरमधील पिट्स्टोन येथे अशा एका चक्कीच्या लाकडावर १६२७ हे साल कोरलेले आहे. सरे परगण्यातील आउटवुडची चक्की १६६५ सालची, आणि पुढच्याच वर्षी लंडन जळत असता त्या आगीचा उजेड गावकऱ्यांनी तिच्या माथ्यावरून पाहिला, अशी आख्यायिका आहे. पुढे केवळ डोके फिरणाऱ्या चक्क्या आल्या: खालचा मनोरा विटांचा किंवा फळ्यांचा, अचल, आणि टोपीसारखे शिखर तेवढे फिरते. कोणतीही घ्या, आतली युक्ती एकच: पात्यांबरोबर किंचित कललेला आडवा आस फिरतो, त्यावरचे दंतुर चक्र उभ्या आसाला फिरवते, आणि उभा आस वरच्या दगडाला. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. वरच्याच्या मध्याला तोंड, त्यातून दाणे आत, आणि कडेने पीठ बाहेर. आमच्या आजीच्या जात्याला पंख फुटले, तर जे होईल तेच हे. फरक एवढाच, की आजी मूठमूठ जोंधळा वैरीत असे, आणि तिकडे ते काम एका लोखंडी कांडीकडे असे. ही कांडी दगडाबरोबर फिरताना धान्याच्या पन्हळीला सारखी टिचक्या मारते, आणि वारा वाढला की दाणे आपोआप अधिक पडतात. तिची अखंड कटकट ऐकून इंग्रज गिरणीवाल्यांनी तिचे नाव 'डॅमसेल', म्हणजे तरुण मुलगी, असे ठेवले. तिकडे यंत्राच्या कटकटीला मुलीचे नाव मिळाले. इकडे मुलगी स्वतः जात्यावर बसत होती, तिला यंत्राएवढीही नोंद नव्हती.

गिरणीवाल्याचे खरे कसब दोन गोष्टींत होते. दोन दगडांतले अंतर वाऱ्याच्या वेगाप्रमाणे केसाकेसाने कमीजास्त करावे लागे. त्यासाठी तो पन्हळीतून उतरणारे कोमट पीठ अंगठा आणि तर्जनी यांत चोळून पाही. भरड आहे, करपले आहे, की नेमके आहे, हा निर्णय बोटाचा. आमच्याकडच्या बाया पिठाची चिमूट अशीच चोळून जात्याचा स्वभाव ओळखत. धान्य संपून दगडावर दगड घासला तर ठिणग्या उडून सारी चक्की पेट घेई. म्हणून धान्य तळाला गेले की वाजणारी घंटी बसवलेली असे. वादळात पाती आवरली नाहीत तर चक्की बेफाम फिरून मोडे. गिरणीवाला म्हणूनच झोपेतही कान वाऱ्याकडे ठेवी.

दुसरे कसब दगडाला टाकी लावण्याचे. दळता दळता दगड गुळगुळीत होतो आणि दाणा चिरडण्याऐवजी घसरू लागतो. म्हणून वरचा दगड उलटून त्यावरच्या चरी पुन्हा खोल कराव्या लागत. इंग्लंडमध्ये डर्बीशायरचा दगड चाले, परंतु पांढऱ्या गव्हासाठी फ्रान्समधला कठीण दगड तुकड्या-तुकड्यांनी जोडून, लोखंडी पट्टा आवळून वापरीत. टाकी लावणारे कारागीर गावोगाव हिंडत. पोलादाच्या ठिणग्या रुतून त्यांच्या हाताच्या पाठीवर निळे ठिपके उठत, आणि काम मागायला आलेल्याचा अनुभव त्या ठिपक्यांवरून पारखीत. आमच्याकडे हेच काम टाकारी करीत. त्यांची हाक गल्लीत आली की बाया जाती उघडून बसत, आणि दुपारभर छिन्नीचा टकटकाट चाले. टाकी लावल्यावर पहिले दळण माणसांना खाऊ घालीत नसत, कारण त्यात दगडाची कच येते.

अठराव्या शतकात इंग्रजांनी या यंत्रावर बुद्धी खर्च केली. एडमंड ली याने १७४५ साली चक्कीच्या पाठीमागे एक लहान चक्र बसवण्याची सनद घेतली. वारा फिरला की ते चक्र फिरून शिखराला आपोआप वाऱ्याकडे वळवी. जॉन स्मीटन याने वारा आणि पाणी यांच्या शक्तीवर केलेले प्रयोग १७५९ साली रॉयल सोसायटीपुढे ठेवले. अँड्र्यू मिकल याने १७७२ मध्ये, पाती वादळात आपली आपण वारा सोडून देतील अशी झडपांची योजना केली, आणि १८०७ साली विल्यम क्यूबिट याने चालत्या चक्कीच्याच सर्व झडपा एकदम आवरण्याची तजवीज काढली.

त्याच १८०७ साली नॉटिंगहॅमजवळच्या स्नायंटन येथे एका पाववाल्याने विटांची पवनचक्की बांधली. त्याचा मुलगा जॉर्ज ग्रीन याचे शाळेत जाणे एखाद्याच वर्षाचे. पुढचे आयुष्य पिठात. परंतु या गिरणीवाल्याने १८२८ साली विद्युत आणि चुंबकत्व यांवर गणिताचा एक निबंध वर्गणी जमवून छापला, आणि तो विकत घेणाऱ्या पन्नासएक सभ्य गृहस्थांपैकी बहुतेकांना त्यातले अक्षरही उमगले नसावे. चाळिशीत तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि १८४१ मध्ये वारला. पुढे विल्यम थॉमसनने, म्हणजे लॉर्ड केल्विनने, हा निबंध उजेडात आणला, आणि 'ग्रीनचे प्रमेय' आज पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावे लागते. वारा पडला म्हणजे गिरणीवाल्याला सक्तीची रजा मिळते. ती रजा ग्रीनने कशी घालवली, हे जगाने पाहिले. जात्याला मात्र वारा लागत नसल्यामुळे जात्यावरच्या बाईला रजा नव्हती.

समाजव्यवस्थेइतकेच निसर्गाचे आणि आहाराचेही काही कारण आहे, ते सांगणे न्यायाचे होईल. इंग्लंडवर पश्चिमेचा वारा बारमाही वाहतो, आणि सुगीनंतरच्या हिवाळ्यात तर जोरात. आमचा वारा आषाढ-श्रावणात गर्जतो, त्या वेळी पाऊस कोसळत असतो आणि जुने धान्य पेवाच्या तळाशी गेलेले असते. पीक घरात आले म्हणजे वारा मंदावलेला. शिवाय गव्हाचे पीठ साठवता येते, पण जोंधळ्याचे पीठ फार दिवस टिकत नाही. जोंधळ्यात गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो; पीठ ताजे असेल तोवर भाकरी थापता येते, शिळे झाले की त्याची विरी जाते, आणि परातीत भाकरी कडेने फाटू लागते. वाऱ्याच्या लहरीवर आठ-पंधरा दिवस थांबणे पावाला परवडते, भाकरीला परवडत नाही. म्हणून रोजचे दळण रोज, आणि तेही पहाटे.

जिथे दळणाचा बोजा एका घरचा नसून समुदायाचा होता, तिथे मात्र आमच्याकडेही यंत्र उभे राहिले. औरंगाबादेस बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की प्रसिद्ध आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी आणून उंचावरून सोडले, आणि त्यावर फकिरांच्या व यात्रेकरूंच्या अन्नछत्राचे पीठ दळले. शेकडो मुखांचे दळण एका ठिकाणी आले आणि ते दळायला घरची बाई नाही, म्हटल्याबरोबर युक्ती सुचली. आमच्या जिल्ह्यात गोकाकजवळ घटप्रभा सुमारे एकशेसत्तर फूट खाली उडी घेते. त्या पाण्याच्या बळावर १८८७ साली गोकाकची कापडाची गिरणी सुरू झाली, आणि हिंदुस्थानात जलशक्तीवर उद्योग चालवण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांत तिची गणना होते. ते पाणी सुताच्या चात्यांना मिळाले. धबधब्याच्या गर्जनेच्या टापूतल्या गावांत बाया पहाटे उठून हातानेच दळत होत्या, कारण सुताला बाजार होता, कंपनी होती, भागधारक होते. घरच्या पिठाला यांतले काहीच नव्हते.

गिरणीवाला आमच्या गावात आला तो तेलाच्या इंजिनाबरोबर. या कथेतही बेळगावचा धागा आहे. जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधकरांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्याच घराण्याने १९४६ साली पुण्यात तेलाची इंजिने तयार करणारा कारखाना स्थापन केला. आणि मोटेवर बसले तसे इंजिन गिरणीच्या पट्ट्यावरही बसले. वेदगंगेकाठच्या माझ्या आजोळी ती गिरणी पत्र्याच्या खोपटात होती. सकाळी इंजिनाचा 'पुकपुक' आवाज सुरू झाला, की डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया रांगेत उभ्या राहत. भुवयांवर पीठ साचलेला गिरणीवाला कोणाचा जोंधळा, कोणाचा गहू, कोणाच्या डाळी, हे न विसरता एकामागून एक ओतीत असे, आणि उपासाच्या दळणाआधी दगडात काय दळले होते यावरून रोज एक तंटा होई. आज इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली आहे. हा गावातला पहिला मनुष्य, ज्याला दळल्याबद्दल पैसे मिळाले. आणि हा पुरुष होता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. फुकटच्या कामाला मोल आले तेव्हा ते बाईच्या हातून सुटले होते. तिच्या वाट्याला पहाटेची झोप मात्र आली, आणि ती लहान देणगी नव्हे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर चाळण आणि धूळ सोसणाऱ्या बाईला विचारले, तर त्या तासाभराच्या झोपेचे मोल ती सांगेल.

इंग्लंडच्या पवनचक्कीचा अंतही असाच परक्या शक्तीने केला. लंडनमध्ये १७८६ साली वाफेवर चालणारी आल्बियन गिरणी उघडली; पाच वर्षांनी ती जळाली तेव्हा जुने गिरणीवाले आनंदाने नाचले, असे म्हणतात. परंतु काळ नाचून थांबत नाही. धान्याच्या आयातीवरचा कर १८४६ मध्ये उठला, समुद्रापारचा गहू बंदरांत येऊ लागला, आणि १८७० नंतर पोलादी लाटांच्या गिरण्यांनी पांढरेशुभ्र पीठ इतके स्वस्त केले, की टेकडीवरचा गिरणीवाला जनावरांचे खाद्य भरडण्यावर आला आणि मग तेही थांबले. ग्रामीण इंग्लंडची सर्वांत ओळखीची आकृती पडकी झाली, तेव्हा लोकांना तिची माया आली. जुन्या वास्तूंचे रक्षण करणाऱ्या संस्थेने १९३१ साली पवनचक्क्यांसाठी स्वतंत्र शाखा काढली. स्नायंटनची ग्रीनची चक्कीही दुरुस्त होऊन पुन्हा फिरती झाली.

त्यांना हे करणे सोपे गेले, कारण दप्तर तयार होते. कोणती चक्की कोणाची, खंड किती, गिरणीवाला कोण, त्याच्यामागून कोण आला, हे आठ शतकांच्या कागदांत बसलेले आहे. जिथे खंड आहे तिथे इतिहास आहे. आमच्या जात्याला खंड नव्हता, म्हणून कोणत्याही जमाबंदीत त्याची ओळ नाही. त्याचे दप्तर वेगळ्या जागी आहे. पहाटे अंधारात खुंटा धरून बसलेल्या बाईने भावाचे येणे, सासूचे बोलणे, पंढरीची वाट, मेलेले मूल, सारे ओवीत घातले. आणि जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागला ही कथा तिने आपली मानली, कारण या कामात हात लावणारा तिला दुसरा कोणी भेटला नव्हता. महाराष्ट्राच्या खेड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. विजापूर भागातल्या हलसंगीच्या मित्रमंडळाने त्याआधी कन्नड बायांची तीन चरणांची गाणी 'गरतिय हाडु' या नावाने ग्रंथरूप केली. मिलरच्या देशाला हिशोब मिळाला, आम्हांला गाणे मिळाले. गाण्याचे कौतुक करताना ते कोणत्या श्रमातून आले हे विसरणे म्हणजे सेंट अल्बन्सच्या मठातल्या त्या फरशीवरून सुखाने चालणे होय.

आता आमच्या डोंगरांवरही पवनचक्क्या फिरतात. साताऱ्याकडे चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावर, गदगजवळच्या कप्पतगुड्डावर पांढरी पाती संथपणे आकाश कापताना दिसतात. त्या वीज निर्माण करतात, एक दाणाही दळत नाहीत. तरी मराठीने त्यांना चक्कीच म्हटले. ती वीज तारांतून खाली उतरते, गावच्या गिरणीची मोटर फिरवते, आणि अशा आडवळणाने वारा अखेर आमचा जोंधळा दळू लागला आहे. 'बीसु' हा शब्द खरा व्हायला इतका काळ लागला.

घरातले जाते बहुधा कोपऱ्यात पालथे असते, त्यावर रॉकेलचा जुना डबा किंवा कुंडी. लग्न निघाले म्हणजे ते धुऊन अंगणात येते. खुंट्याला आंब्याची पाने आणि सुपारी बांधतात, पाच सुवासिनी हात लावतात, आणि ज्यांना कधी दळावे लागले नाही त्या मुली हसत हसत खुंटा धरून ते उलटे फिरवू पाहतात. मग एखादी म्हातारी पुढे होऊन न बोलता त्यांचा हात धरते आणि बरोबर दिशेला वळवते. पाच मुठी हळद दळून होते. उरलेली पिशवीत घालून, पोराच्या हाती देऊन, गिरणीकडे धाडतात.